गेटवर “उद्यापासून येऊ नको” म्हटले, तर पहिल्या पंधरा दिवसांत काय करायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सात वर्षे सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा) ऑपरेटर, नेमणुकीचे पत्र कधीच मिळाले नाही. पगार 21,000, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 18,000. गेल्या आठवड्यात गेटवर सांगितले, “उद्यापासून येऊ नको.” कागद काही दिला नाही. एचआर म्हणतो, राजीनाम्यावर सही करा, हिशेब लगेच देतो. दोन महिन्यांचा ओव्हरटाइम (ओटी) बाकी. पीएफच्या पासबुकात पहिली चार वर्षे कंपनीचे नाव, पुढची तीन वर्षे एका ठेकेदाराचे, आणि शेवटच्या पाच महिन्यांची नोंदच नाही. आपला हक्क काय आणि सुरुवात कुठून करायची?

सुरुवात सही न करण्यापासून. राजीनामा दिला की नोकरी तुम्ही सोडली असे होते. मग नोटीस पगार नाही, कपातीची म्हणजे कामावरून कमी केल्याची भरपाई नाही आणि परत कामावर घेण्याची मागणीही उरत नाही. सही दबावाखाली घेतली हे नंतर सिद्ध करता येते, पण ते सिद्ध करायचे तुम्हाला असते, आणि एचआरच्या केबिनमध्ये त्या वेळी तुमच्या बाजूचा कोणीही नसतो. कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर किंवा रेव्हेन्यू तिकिटावर सही मागितली तरी उत्तर तेच. कोणाची सही आधीच होऊन गेली असेल, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कंपनीला ईमेल करा की सही कोणी, किती वाजता, काय सांगून घेतली, आणि हा राजीनामा मला मान्य नाही. महिन्याभराने केलेल्या तक्रारीला त्या ईमेलइतके वजन येत नाही.

दुसरे काम पत्राचे, आणि ते याच आठवड्यात झाले पाहिजे. तोंडी काढलेल्या माणसाच्या खटल्यात कंपनीचा बचाव जवळजवळ ठरलेला असतो: “आम्ही काढलेच नाही, तो स्वतःच यायचा बंद झाला.” याला काम सोडून जाणे म्हणतात. नुसते यायचा बंद झाला म्हणून नाव परस्पर कमी करता येत नाही, कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये डी. के. यादव खटल्यात स्पष्ट केले आहे. तरीही पहिले पत्र कोणाचे, कोणत्या तारखेचे, यावर पुढचे बरेच काही ठरते. कंपनीचे “आपण विनापरवानगी गैरहजर आहात” हे पत्र आधी निघाले आणि तुमच्याकडून काहीच गेले नसेल, तर उलटतपासणीत त्यावरच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते.

पत्र मराठीत चालते. वकिलाकडूनच जायला हवे असे नाही. साधारण असे लिहा:

“मी दि. … पासून आपल्या कारखान्यात सीएनसी ऑपरेटर म्हणून सलग काम करत आहे. माझा हजेरी क्रमांक … . दि. … रोजी सकाळी 6.45 वाजता पहिल्या पाळीसाठी आलो असता गेटवर मला अडवण्यात आले व ‘उद्यापासून येऊ नको’ असे सांगण्यात आले. मला कोणतेही लेखी कारण, नोटीस किंवा भरपाई दिलेली नाही. मी राजीनामा दिलेला नाही व देणार नाही. मी आजही कामावर हजर होण्यास तयार आहे. मला कामावर घ्यावे, अन्यथा लेखी कारण कळवावे. माझा ओव्हरटाइमचा दोन महिन्यांचा पगार व पाच महिन्यांची भविष्य निर्वाह निधीची रक्कम बाकी आहे, ती जमा करावी.”

यात “मी राजीनामा दिलेला नाही” आणि “मी कामावर हजर होण्यास तयार आहे” ही दोन वाक्ये कोणत्याही परिस्थितीत हवीत. शिव्याशाप, मालकाच्या गाडीचा उल्लेख, “बघून घेतो” असले काही नको. हेच पत्र पुढे न्यायाधीशांसमोर वाचले जाणार आहे. स्पीड पोस्टने कारखान्याच्या पत्त्यावर आणि मुख्य कार्यालयावर पाठवा, एक प्रत कंपनीच्या ईमेलवर, एक ठेकेदाराला. पोस्टाची पावती जपा आणि ट्रॅकिंगवर पत्र पोचल्याची नोंद दिसली की लगेच प्रिंट काढा. काही दिवसांनी ती नोंद संकेतस्थळावर सापडत नाही.

आता यात हमखास होणारी चूक. पत्र मिळाले की शहाणी कंपनी उलट पत्र पाठवते: “आपणास काढलेले नाही, त्वरित कामावर हजर व्हा.” कामगाराला वाटते हा सापळा आहे, म्हणून तो जात नाही, आणि तिथेच केस कमजोर होते. जायलाच हवे. ठरलेल्या पाळीला, कोणाला तरी सोबत घेऊन, ते पत्र हातात धरून गेटवर जा. आत घेतले तर कामाला लागा. अडवले तर गेटवरूनच, त्याच तासाला, ईमेल करा: आज इतक्या वाजता आलो, आपले पत्र दाखवले, आत घेतले नाही. असे एकदा नव्हे, दोन-तीनदा करा.

पैसे परस्पर बँक खात्यात जमा केले तर तुम्ही ते थांबवू शकत नाही, आणि परत करायची गरजही नाही. फक्त त्याच दिवशी कळवा की रक्कम निषेध नोंदवून आणि सर्व हक्क राखून स्वीकारत आहे. पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडून नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण काय भरले आहे तेही पाहा. तिथे राजीनामा असे कारण दिसत असेल तर हरकत लेखी घ्या. त्याआधी पूर्ण पीएफ काढण्याचा अर्ज करण्याची घाई नको. अर्ज केल्याने हक्क जात नाही, पण “नोकरी सुटली हे यानेच मान्य केले” असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

आता कायद्याकडे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि कामाच्या जागची सुरक्षा व आरोग्य. औद्योगिक विवाद कायदा 1947, वेतन प्रदान कायदा, ग्रॅच्युइटी कायदा असे जुने कायदे त्यांत सामावले गेले. यामुळे कामगारांमध्ये एक गैरसमज पसरला आहे की जुने संरक्षण संपले. तसे नाही. तुमच्या बाबतीतला मुख्य नियम जसाच्या तसा आहे: ज्याने सलग एक वर्ष, म्हणजे मागच्या बारा महिन्यांत किमान 240 दिवस काम केले, त्याला कामावरून कमी करायचे तर एक महिन्याची लेखी, कारणासह नोटीस किंवा त्याऐवजी एक महिन्याचा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. ही भरपाई कपातीच्या वेळीच द्यायची असते. “नंतर हिशेबात धरू” चालत नाही. ती न देता कमी केले तर ती कपातच बेकायदा ठरते.

240 दिवस मोजताना पगारी साप्ताहिक सुट्या आणि सणाच्या पगारी सुट्याही धरतात. नुसते कामाचे दिवस मोजून “माझे 228 च भरतात” म्हणत घरी बसू नका. पण दिवस भरल्याचा पुरावा देण्याची पहिली जबाबदारी कामगारावर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितले आहे, आणि नेमणुकीचे पत्र नसलेला माणूस इथेच अडतो. म्हणून कागद गोळा करा: बँकेचे सात वर्षांचे स्टेटमेंट, पीएफचे पासबुक, ईएसआयचे म्हणजे कामगार विम्याचे ई-पहचान कार्ड (त्यावर मालकाचे नाव आणि नोंदणीची तारीख असते), गेटपास, पगारपावत्या, शिफ्टचे वेळापत्रक आलेला व्हॉट्सॲप ग्रुप, सुपरवायझरचे मेसेज, जॉब कार्डावर तुमचे नाव असेल तर त्याचा फोटो. ग्रुपमधून काढून टाकण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा आणि मूळ फोन विकू नका. कंपनीच्या ड्रॉइंगचे फोटो मात्र यात घुसवू नका. गोपनीय माहिती चोरल्याचा आरोप ओढवून घ्याल.

गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढत असतील तर रस्ता निराळा. तिथे चार्जशीट (कंपनीचे आरोपपत्र), उत्तराची संधी, खातेनिहाय चौकशी, साक्षीदारांची उलटतपासणी हे टप्पे येतात. निलंबनात पहिले 90 दिवस निम्मा पगार आणि चौकशी लांबली, तीही तुमच्यामुळे नसेल, तर पुढे 75 टक्के निर्वाह भत्ता. चार्जशीट घ्यायला नकार देऊ नका. घ्या, “मजकूर मान्य नाही” असे लिहून सही करा आणि मुदतीत उत्तर द्या.

तुमच्या प्रश्नातली खरी अडचण पासबुकातल्या त्या दोन नावांत आहे. यंत्र तेच, सुपरवायझर तोच, गेटही तेच, पण तीन वर्षांपूर्वी तुम्हाला कागदोपत्री ठेकेदाराकडे सरकवले. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, सगळीकडे हे चालते. कामगाराला त्याच्या संमतीशिवाय एका मालकाकडून दुसऱ्याकडे देता येत नाही, ही तुमची सर्वांत भक्कम बाजू. म्हणून तेव्हा तुमच्याकडून काही लिहून घेतले होते का, हे नीट आठवा. तेव्हा कंपनीकडून हिशेब मिळाला होता का? नवीन फॉर्म भरून घेतला का? ठेका नुसता कागदी आहे का हे पाहताना न्यायालय विचारते की पगार कोण देते, रजा कोण मंजूर करते, काम कोण सांगते आणि तपासते, हत्यारे कोणाची. रजेचा अर्ज कंपनीच्या प्रॉडक्शन मॅनेजरने मंजूर केल्याचा एक मेसेजही इथे दहा तोंडी साक्षीदारांपेक्षा उपयोगी पडतो. कारखान्याच्या मुख्य उत्पादनाच्या कामाला ठेका कामगार लावायला नव्या संहितेत, काही अपवाद सोडून, मनाईच आहे, आणि सीएनसीवर जॉब काढणे हे मुख्य कामच झाले. पण ठेका खोटा ठरला नाही, तर तो संपला म्हणून कंपनीत आपोआप कायम होता येत नाही. 2001 पासून कायदा असाच आहे.

यावरूनच दार निवडायचे. महाराष्ट्रात कामगाराकडे दोन वाटा आहेत.

पहिली राज्याच्या 1971 च्या, अनुचित कामगार प्रथा रोखणाऱ्या कायद्याची, ज्याला सगळे पीयूएलपी म्हणतात. श्रम संहितांनी तो रद्द केलेला नाही. अनुचित कामगार प्रथेची तक्रार थेट न्यायालयात करता येते, कामगार आयुक्तांकडे आधी जावे लागत नाही, आणि अंतरिम आदेश मागता येतो. काढण्याची नुसती हालचाल दिसत असेल तरी, प्रत्यक्ष काढण्याआधी, ही तक्रार चालते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1995 चा निकाल आहे. नोकरीवरून काढल्याची तक्रार कामगार न्यायालयात जाते. वर्षानुवर्षे टेम्पररी किंवा बदली कामगार म्हणून ठेवले, ब्रेक देत राहिले, अशी तक्रार औद्योगिक न्यायालयात. दोन्ही न्यायालये नाशिकमध्ये आहेत. मुदत 90 दिवस. उशीर योग्य कारणाने माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. आणि मोठी अट ही की मालक आणि कामगार हे नाते वादातीत हवे. “हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा” असे कंपनी म्हणाली आणि ते नाते आधी सिद्ध झालेले नसेल, तर तक्रार त्याच मुद्द्यावर, कधी कधी काही वर्षांनी, फेटाळली जाते.

दुसरी वाट सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून जाते. तिथे अर्ज केला की समेटाची बैठक लागते, समेट झाला नाही तर प्रकरण न्यायाधिकरणापुढे नेता येते, आणि तिथे ठेका खरा की खोटा याचा निवाडा होऊ शकतो. इथली मुदत नव्या संहितेत दोन वर्षे आहे. पूर्वी तीन होती, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका.

दोन्ही दारे एकदम ठोठावता येत नाहीत: पीयूएलपीखाली तक्रार दाखल केली की त्याच विषयासाठी दुसरा मार्ग बंद होतो. तुमच्या प्रकरणात मी असे करेन: पत्र लगेच पाठवून कंपनीच्या उत्तराची तीन आठवडे वाट पाहीन. उत्तरात कंपनीने तुम्हाला आपला कामगार म्हणून मान्य केले, किंवा ती ज्या तीन वर्षांत तुम्हाला ठेकेदाराचे म्हणते त्याच काळातली कंपनीच्या नावाची पगारपावती तुमच्या हाती असेल, तर 90 दिवसांच्या आत पीयूएलपी. साफ नाकारले तर कंपनी आणि ठेकेदार दोघांनाही सामील करून आयुक्त कार्यालयाची वाट. हा निर्णय वकिलाला कागद दाखवूनच घ्या, कारण तो नंतर फिरवता येत नाही.

समेटाच्या बैठकीला आकडा तयार ठेवून जा. समोरून “पन्नास हजार घे आणि मिटव” असे आले की आपला हिशेब माहीत नसलेला माणूस हो म्हणून जातो. तुमचा हिशेब असा. सात वर्षे पूर्ण धरली तर ग्रॅच्युइटी: 18,000 × 15 ÷ 26 × 7, म्हणजे 72,692 रुपये. कपातीची भरपाई: 21,000 पगाराचा अर्धा महिना गुणिले सात, 73,500. नोटीस पगार 21,000. एवढ्यानेच 1,67,192 झाले. ओटी, शिल्लक रजेचा पगार, किमान 8.33 टक्के बोनस, राहिलेला पगार हे वेगळे. ही रक्कम कायद्याने तशीही देय असते. तडजोड म्हणजे नोकरीचा दावा सोडण्याबद्दल याच्या वर काय मिळते ते. लेखी समझोता झाला तर त्यात ग्रॅच्युइटी आणि पीएफ यांचा स्पष्ट, वेगळा उल्लेख हवा.

ओटीचा दर सामान्य दराच्या दुप्पट. 26 दिवस आणि 8 तास धरले तर तुमचा तास साधारण 101 रुपयांचा पडतो, म्हणून ओटीचा तास 202. बऱ्याच ठिकाणी ओटी “प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह” किंवा “इतर भत्ता” या नावाने एकेरी दराने देतात. म्हणून डायरीत तारीख, पाळी आणि बाहेर पडल्याची वेळ लिहीत जा. रोजच्या रोज लिहिलेल्या डायरीला पुरावा म्हणून किंमत येते. वेतन संहितेप्रमाणे काढल्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असतो. न दिल्यास तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, पगार दिल्याचे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते, आणि रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीला भरावा लागतो, ठेका खरा असो वा खोटा.

ग्रॅच्युइटीबाबत एक सांगतो, कारण इथेच डाव असतो. कंपनी म्हणेल, आमच्याकडे चारच वर्षे झाली, पाच भरत नाहीत. ठेकेदार म्हणेल, माझ्याकडे तीन. दोघांच्या फटीत सात वर्षांची ग्रॅच्युइटी गडप होते. म्हणून अर्ज दोघांकडेही करा, सलग सात वर्षांसाठी. रक्कम देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते, त्यानंतर व्याज लागते.

पीएफचे पाच महिने: दर महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. पगारपावतीत कपात दिसते आणि पासबुकात जमा नाही, हा साधा उशीर नव्हे, कामगाराचा पैसा अडकवणे आहे आणि फौजदारी गुन्हाही. पीएफच्या तक्रारींसाठीच्या ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर तक्रार टाका, कपात दाखवणाऱ्या पगारपावत्या जोडा. पीएफचे नाशिकचे कार्यालय सातपूरला आहे, तिथे लेखी प्रत देऊन पोच घ्या. ही तक्रार नोकरीच्या दाव्यापासून स्वतंत्र चालते, त्यामुळे दार निवडण्याच्या वर सांगितलेल्या अडचणीचा तिच्याशी संबंध नाही.

ईएसआय पगार 21,000 पर्यंत लागू आहे, म्हणजे तुम्ही त्यात येता. काम सुटल्यावरही, आधी भरलेल्या वर्गणीच्या जोरावर, ठरलेल्या मुदतीपर्यंत लाभ मिळत राहतो. म्हणून घरच्यांचे चालू उपचार थांबवण्याआधी सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात कार्ड दाखवून विचारा. आजारपणाचा लाभ घेत असताना किंवा कामावरच्या अपघाताच्या उपचारादरम्यान कामगाराला काढता येत नाही.

हे सगळे “कामगार” या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. सुपरवायझर असा नुसता बिल्ला लावल्याने कोणी बाहेर जात नाही. प्रत्यक्ष काम काय करता ते पाहतात. खरोखरच देखरेखीचे काम असेल आणि पगार 18,000 च्या वर असेल, तर औद्योगिक संबंध संहितेखाली संरक्षण नाही. खासगी शाळेतल्या शिक्षकांनी कामगार न्यायालयाकडे न जाता शाळा न्यायाधिकरणात अपील करावे, तेही 30 दिवसांत. लासलगाव, पिंपळगावच्या हमाल-मापाऱ्यांसाठी 1969 चा माथाडी कायदा आणि मंडळ वेगळे. गरोदर बाईला त्या कारणाने काढणे बेकायदा आहे, रजा 26 आठवड्यांची. लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे, समिती नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

निकालाला वेळ लागतो, वर्षेही लागतात, हे गृहीत धरून घरखर्चाची सोय करा आणि मिळेल ते काम करा. दुसरीकडे काम केले म्हणून दावा बुडत नाही. परत कामावर घ्यायचा आदेश झाला तर मागचा पगार किती द्यायचा हे ठरवताना मधल्या काळातली कमाई विचारात घेतात, म्हणून ती लपवू नका. ज्या महिन्यांत काम मिळाले नाही, ते दाव्यात आणि शपथेवर सांगितले पाहिजे; 2013 च्या दीपाली सुरवसे निकालाने मागचा पूर्ण पगार मिळवणे सोपे केले, पण आपण बेकार होतो हे आधी कामगारानेच म्हणायचे असते. नोकरीसाठी केलेल्या अर्जांच्या आणि आलेल्या नकारांच्या प्रती त्यासाठी ठेवा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून 90 दिवस घालवू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही तसाच. नाशिक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे काम जिल्हा न्यायालयातून चालते, फोनवर विचारायचे तर 15100. अर्जाबरोबर ओळखपत्र, कंपनीला पाठवलेले पत्र, पोस्टाची पावती आणि पीएफ पासबुकाचा प्रिंट जोडा, आणि नोकरी गेल्याची तारीख अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा, म्हणजे मुदत किती उरली हे वकील देणाऱ्याला लगेच दिसेल.